डाव्या कानाचा रिपोर्ट

रविवारी बसलेली थप्पड सोमवारी सुजली.

पहाटे उठून ज्ञानदेव ओव्हाळनं तोंडावर पाणी मारलं तेव्हा डावा गाल हाताला उकडलेल्या रताळ्यासारखा लागला. गोधडीवर, डोकं टेकलं होतं तिथं, रुपयाएवढा तांबूस डाग होता. कानातून आलेलं रक्त. त्यानं गोधडी उलटी घातली आणि चुलीपाशी येऊन बसला. चांगुणानं डाग आधीच बघितला होता. तव्यावर भाकरी टाकता टाकता ती म्हणाली,

"ऐकाय येतं का?"

"काय?"

"त्येच इचारते. ऐकाय येतं का?"

"येतं की. न येयाला काय झालं?"

ती उठली, त्याच्या डाव्या अंगाला मागं जाऊन उभी राहिली आणि हळू काहीतरी बोलली. ज्ञानदेव जाळाकडं बघत बसून राहिला. पलीकडं त्याची म्हातारी आई सोजरबाई तेवढी दचकली.

आईचं तोंड बघून त्यानं विचारलं, "काय म्हनली ही?"

"काय न्हाई," सोजरबाई म्हणाली. "भाकर खा."

ज्ञानदेव रेल्वेत कीमन होता. पाटसच्या अलीकडची चार मैल लायन रोज पायी तुडवायची, रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत जायचं, ढिली असेल ती बसवायची, रूळ तडकलेला दिसला तर लाल बावटा रोवून गँगच्या म्होरक्याला, मेटाला, कळवायचं. घट्ट चावी हातोडा पडला की टणकन बोलते, ढिली बद्द वाजते. डोळ्यापेक्षा कानाचं काम जास्त. आणि दिवस मावळायच्या आत सगळं वहीत उतरवायचं. मैल, खांबाचा नंबर, वेळ, काय दिसलं, काय केलं. पंधरा वर्षांत त्यानं दोन मुकादम आणि एक गँगमन नोकरीवरून जाताना बघितले होते. तिघंही चुकल्यामुळं गेले नव्हते. चूक लपवली म्हणून गेले होते. लिहिलेला माणूस सुटतो, हे ज्ञानदेवच्या हाडात बसलं होतं. सातवी शिकलेल्या माणसाला सरकारनं दिलेली हीच एक ढाल, असं तो धरून चालला होता. ती ढाल रेल्वेच्या हद्दीतच चालते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

फुटबॉल त्याला फर्नांडिस साहेबानं लावला. फर्नांडिस मालगाडीवरचा म्हातारा ड्रायव्हर, आता रिटायर, दौंडात राहायचा आणि भीमा-घोड फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी होता. दौंडापासून शिरूरपर्यंतचे अकरा संघ तिच्या लीगमध्ये खेळायचे. रेल्वेची पोरं, शाळा सोडलेली पोरं, दौंडच्या हायस्कुलात चेंडू मारायला शिकून गावी परतलेली बागायतदारांची पोरं. ज्ञानदेव खेळायचा बरा, पण नियम त्याला खेळापेक्षा जास्त पाठ. फर्नांडिसनं त्याची लेखी परीक्षा घेतली आणि शिट्टी दिली. दोन वर्षं तो लीगचा रेफ्री होता.

यंदा मैदान त्याच्याच गावात पडलं होतं, खडकवाडीत. दुसरं साल कोरडं चाललेलं. रब्बी पेरलीच नव्हती, म्हणून साहेबराव आप्पांचं नऊ एकराचं काळं रान मोकळं होतं. त्यावर राखेच्या रेघा मारल्या, बाभळीचे खांब रोवले आणि उपांत्य सामना लावला. खडकवाडीचं बजरंग मंडळ विरुद्ध शिरूर. साहेबराव आप्पा गावचे पुढारी, असोसिएशनचे अध्यक्ष, आणि दुष्काळी कामावरचा मुकादम त्यांचा माणूस. बजरंगचा कप्तान हौसराव, आप्पांचा पुतण्या. हौसरावची पोलीस भरती जवळ आली होती. खेळाडू म्हणून घ्यायचं तर असोसिएशनचं प्रमाणपत्र लागायचं, अंतिम सामना खेळल्याचं.

सामन्याआधी ज्ञानदेवनं नाणं काढलं. हौसराव म्हणाला, "खाली टाक. हातात देऊ नगं." नाणं मातीत टाकलं, हौसरावनं उचललं, मांडीला पुसलं आणि उडवलं. मध्यंतराला शिरूरच्या पोरांना तांब्यानं पाणी मिळालं. ज्याच्या शिट्टीवर बावीस जण थांबत होते आणि पळत होते, त्याला वरून धार धरली आणि त्यानं ओंजळीनं पाणी पिलं. हे नवं नव्हतं. ज्ञानदेवला त्याचं काही वाटलं नाही, आणि त्याला काही वाटलं नाही याचीच चीड यायला पाहिजे होती.

एक-एक गोल झाला होता. शेवटची पाच मिनिटं असताना शिरूरचा एक सडपातळ पोरगा चेंडू घेऊन सुटला. हौसरावनं चेंडू सोडला आणि त्याच्या पायाच्या नळीवर लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज बांधावरच्या बायकांनीसुद्धा ऐकला. ज्ञानदेवनं शिट्टी मारली, धावत जाऊन हौसरावला बाहेरची वाट दाखवली.

"कुनाला सांगतोस?"

"कप्तान, बाहेर व्हा."

"महाराच्या शिट्टीवर मी भाईर जाऊ?"

आणि उघड्या हाताची, पूर्ण ताकदीची थप्पड कानावर बसली. ज्ञानदेव गुडघ्यावर आला. नऊ एकरात माणूस मावत नव्हतं, पण आवाज निघाला नाही. तो उठला, घड्याळात बघितलं, पाच वाजून बावीस मिनिटं, आणि सामना थांबवल्याची लांब शिट्टी मारली. ती त्याला स्वतःला अर्धीच ऐकू आली.

*

सोमवारी लायनीवर ऊन सकाळी आठलाच टोचत होतं. खडी तापली होती. ज्ञानदेव हातोडा मारत चालला. टण. टण. उजव्या रुळावरच्या चाव्या बोलत होत्या. डाव्या रुळावरची प्रत्येक चावी ढिली वाटत होती. तो वाकायचा, हातानं हलवून बघायचा, घट्ट असायची. दीड मैलाला त्याला रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. मग त्यानं युक्ती केली. डावा रूळ ठोकताना पाठ फिरवून उलटं चालायचं, म्हणजे चांगला कान तिकडं.

असं उलटं चालता चालता तो दुसऱ्या लायनीवर गेला.

चांगला कान हातोड्याच्या टणटणीत गुंतलेला, त्याला काहीच कळलं नाही. फक्त पायाखालची खडी बारीक थरथरली. समोरून हरिबा मेट दोन्ही हात वर करून पळत येताना दिसला. त्याचं तोंड उघडं होतं. ज्ञानदेवनं का कोण जाणे, आडवी उडी टाकली. मोकळं इंजिन त्याच्या डाव्या अंगानं गेलं, एवढ्या जवळून, की वाफेचा गरम फुफाटा पायजम्यात शिरला.

हरिबा येऊन खडीवर बसला. साठीला टेकलेला माणूस, धापा टाकत होता.

"शिट्टी देतंय इंजिन, दोन फर्लांगापासनं देतंय. मेलास व्हय?"

"ऐकलं न्हाई, मामा."

"कंचा कान?"

"डावा."

हरिबानं इकडं तिकडं बघितलं. "कुनाला बोलू नगंस. महिनाभर मी तुझ्यासंगं चालतो. बरा हुतोय कान. माझ्या थोरल्याचा झाला व्हता."

"वहीत काय लिवू?"

"वहीत काय लिवू म्हनं. लिव, सगळं ठीक."

त्या दिवशी ज्ञानदेवनं वहीत सगळं ठीक असं लिहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा खोटं. हात जड झाला, आणि घरी येईपर्यंत जडच राहिला.

रेफ्रीचा रिपोर्ट तीन दिवसांत सेक्रेटरीच्या हातात पडला पाहिजे, असा असोसिएशनचा नियम. ज्ञानदेव दारासमोर बसला, पेटीवर कागद ठेवला आणि लिहायला लागला. दिनांक ६ मे १९७३. वेळ पाच बावीस. शिरूरच्या खेळाडूची डावी नळी मोडली. कप्तान हौसराव यांस बाहेर जाण्यास सांगितले असता त्यांनी पुढील शब्द उच्चारले. ते शब्द त्यानं जसेच्या तसे लिहिले. उघड्या हाताने डाव्या कानावर मारले. इथं तो थांबला. वहीत लपवलेलं त्याला टोचत होतं. एका कागदावर खोटं लिहिलं, निदान दुसऱ्यावर तरी खरं उतरू दे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. त्यानं लिहिलं: तेव्हापासून सदर कानास ऐकू येत नाही. सोमवारी कामावर असताना मागून आलेले इंजिन ऐकू आले नाही. सही केली.

चांगुणा घागर घेऊन ओढ्यातल्या झिऱ्यावरून आली. पाणी तळाला, त्यात निम्मी रेती.

"एवढं काय लिवताय?"

"झालं ते."

"सगळं?"

"सगळंच लिवायचं असतं."

*

बुधवारी दौंडला असोसिएशनच्या खोलीत त्याला बोलावणं आलं. सोडा वॉटरच्या दुकानामागची खोली, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, एक टेबल. फर्नांडिस होता, कमिटीचे दोन मेंबर होते आणि अध्यक्षाच्या खुर्चीत साहेबराव आप्पा. ज्ञानदेव दारात उभा राहिला.

"आत ये की. बस, खुर्चीवर बस. हितं असोसिएशनमधी आपुन सगळं सारखं."

तो बसला. खुर्चीचा एक पाय आखूड होता. पाठ ताठ ठेवली तरच ती गप्प राहायची.

आप्पांनी चष्मा लावला. "अक्षर काय झ्याक हाय रं तुझं. आमच्या हौश्याला असलं अक्षर असतं तर पोलिसात कशाला, कचेरीत चिकटवला असता."

मेंबर हसले. आप्पांनी रिपोर्ट मोठ्यानं वाचायला घेतला. पुतण्याचे शब्द आले तेही त्यांनी गाळले नाहीत, दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाचावं तसे वाचले. मग शेवटच्या ओळींवर आले, त्या दोनदा वाचल्या, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ह्ये खरं?"

"खरं हाय, आप्पा."

"इंजिन ऐकलं न्हाईस."

"न्हाई."

"मग रेल्वेला कळीवलंस?"

पंखा फिरत होता. फर्नांडिसनं टेबलाच्या पृष्ठभागावर नखानं रेघ ओढली.

"न्हाई कळीवलंस," साहेबरावच म्हणाले. "फुटबॉलवाल्यास्नी कळीवलं, रेल्वेला न्हाई. एका गाडीत हजार मानूस असतं, ज्ञानदेव. बायाबापड्या, ल्हान पोरं. आन् लायनीवर बहिरा कीमन. तुझ्या सहीचा कागद माझ्या हातात हाय. मी गप बसलो आन् उद्या काय झालं, तर त्ये पाप कुनाला लागंल?"

आवाजात धमकी नव्हती. काळजी होती. ज्ञानदेवनं पुढं कितीदा आठवून बघितलं, त्या आवाजात खरोखरच काळजीच होती, आणि त्यानंच त्याच्या अंगावर काटा आला.

"एक नवा कागद लिव. गर्दीत चेंडू लागला, पंचाला भोवळ आली, खेळ थांबला. बास. सामना परत खेळवू. ह्यो कागद मी तुझ्याम्होरं फाडतो आन् इसरतो. न्हाईतर शनवारी कमिटी बसंल, रिपोर्ट मंजूर हुईल, आन् सोमवारी नक्कल लायनीच्या साहेबाकडं जाईल. तुझ्या मनाला येईल तसं. जबरदस्ती न्हाई."

फर्नांडिस त्याला बाहेर रस्त्यापर्यंत सोडायला आला. विडी पेटवायला त्याला तीन काड्या लागल्या.

"कान का काहे को लिखा रे?"

"झालं ते लिवलं, साहेब."

"रेफरी के रिपोर्ट में रेफरी नहीं होता, बाबा. सिर्फ खेल होता है. इतना तो मैंने सिखाया था."

"तुमी काय करनार शनवारी?"

"मेरा एक वोट है," फर्नांडिस म्हणाला आणि विडीकडं बघत राहिला.

*

चांगुणा पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होती. सोमवारपर्यंत ती वर बांधावर पाट्या ओतून घ्यायची. मंगळवारी मुकादमानं तिला खाली खड्ड्यात घातली, माती वर वाहायला. शिडीसारखी चढण, डोक्यावर पाटी, तळपाय भाजलेले. बुधवारी ती आली तेव्हा मानेच्या मणक्यावर लिंबाएवढा गोळा आला होता. सोजरबाई त्यावर हळद-तेल चोळत होती. ज्ञानदेवनं झालं ते सांगितलं.

चांगुणानं रिकामी घागर जवळ ओढली. मग म्हणाली, "तुमच्या शिट्टीनं माझ्या घागरीत पानी येतं का?"

"न्हाई."

"मग फाडा त्यो कागद."

"फाडला तर म्होरल्या सामन्याला परत मारतील. मला न्हाई तर दुसऱ्याला."

"रेफ्री हुऊच नका. कुनी गळ घातलीया? आपल्या वाड्यात कुनाला चेंडू खेळाय वेळ हाय?"

"आन् इंजिन?"

"हरिबामामा म्हनलाय न्हवं महिनाभर संगं चालतो म्हनून."

"मामा म्हातारा हाय. आन् ढिली चावी मला ऐकाय न्हाई आली, आन् गाडी घसरली तर? आप्पा खोटं बोलला न्हाई, चांगुणा. त्याच्या मनात काय का असंना, बोलला त्ये खरं हाय."

सोजरबाईचा हात सुनेच्या मानेवर थांबला. "माझ्या बापाला पाटलानं पायतानानं मारलं व्हतं," ती म्हणाली. "मारता मारता पायतान हातातनं उडून बापाच्या अंगावर पडलं. बापानं उचललं, पुसलं, आन् पाटलाला परत दिलं. काय झालं म्हनून त्याला कुनी इचारलं न्हाई. मरोस्तोवर न्हाई. ह्याला निदान कागद तरी मागत्यात."

"आत्याबाई, कागद खायाला हुत न्हाई," चांगुणा म्हणाली. पण ती हसली थोडी, आणि हसताना मान दुखली म्हणून विव्हळली.

ज्ञानदेव उठून बाहेर जाऊन बसला. साहेबरावांच्या हातात एकच हत्यार होतं, ते त्यानं स्वतः करून दिलेलं. ते निकामी करायची एकच वाट होती. ती त्याला दुपारीच दिसली होती, दौंडच्या रस्त्यावर. फक्त तिच्याकडं बघायला जीव होत नव्हता.

गुरुवारी तो कामावर गेला नाही. सरळ रेल्वेच्या दवाखान्यात गेला आणि म्हणाला, "कान तपासून घ्यायचाय."

डॉक्टरनं त्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि मागून आकडे पुटपुटायला सुरुवात केली. उजवा कान दाबला तेव्हा ज्ञानदेवला फक्त स्वतःचं रक्त ऐकू आलं, लांबून येणाऱ्या मालगाडीसारखं. अंदाजानं आकडे सांगता आले असते. त्यानं सांगितले नाहीत.

"पडदा फाटलाय," डॉक्टर म्हणाला. "लायनीवर पाठवता येणार नाही."

"किती दिस?"

"सांगता येत नाही. कायमचंही असेल."

चिठ्ठी घेऊन तो कारकुनाकडं गेला. कारकुनानं रजिस्टर चाळलं. "दुसरं काम म्हणशील तर आज एकच जागा मोकळी आहे. स्टेशनावर सफाईची."

ज्ञानदेवचा बाप छप्पन्न साली दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं आधी घरातली मेलेली जनावरं ओढायची दोरी चुलीत घातली होती, मग जेवायला बसला होता.

"ती सोडून," ज्ञानदेव म्हणाला.

"ती सोडून असली की कळवू. तोवर बिनपगारी."

*

शनिवारी त्यानं ती चिठ्ठी आप्पांच्या पुढ्यात ठेवली. आप्पांनी ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजू बघितली, परत सुलटी करून वाचली.

"सोताहून गेलास."

"व्हय."

"रेल्वेला कळीवलंस म्हन."

"कळीवलं. आता रिपोर्ट मंजूर करा."

फर्नांडिसनं आप्पांकडं न बघता नियमांचं पुस्तक उघडलं आणि कलम वाचलं. पंचावर हात टाकणाऱ्याला एक वर्ष बंदी, संघ स्पर्धेतून बाद. एक मेंबर आप्पांकडं बघत होता, आप्पा खिडकीकडं. शेवटी त्यांनी स्वतःच पेन काढलं, सही केली, तारीख घातली, आणि टोपण नीट लावलं.

"कायदा म्हंजी कायदा," ते म्हणाले. उठताना त्यांनी ज्ञानदेवच्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. "चल, जीपनं सोडतो गावात."

"मी चालत येतो, आप्पा."

"बघ बाबा. ऊन लई हाय."

जीप गेली. खडकवाडीपर्यंतचा सगळा रस्ता ज्ञानदेव त्या हाताचं वजन खांद्यावर घेऊन चालला.

रविवारी दौंडला अंतिम सामना होता, शिरूर विरुद्ध रेल्वे. ज्ञानदेव गेला नाही. दुपारी हौसराव बौद्धवाड्यात आला. एकटा, हातात काही नाही. लहान असताना बैल हुडकत आला असेल तेवढाच. पोरं खेळायची थांबली. तो ज्ञानदेवच्या दारासमोर उभा राहिला. चांगुणाकडं बघितलं, घागरीकडं बघितलं, छपराच्या पाचटाकडं बघितलं, आढ्यापासून पागोळीपर्यंत, विकत घ्यायचं जनावर बघावं तसं.

"भरतीची तारीख तुला म्हाईत व्हती?"

"न्हाई," ज्ञानदेव म्हणाला.

"बुधवार."

त्याचे डोळे लाल होते. रडलेला होता की पिलेला, कळत नव्हतं. तो आणखी काही बोलेल म्हणून ज्ञानदेव थांबला. हौसराव वळला आणि आला तसा गेला. वाटेत कुणाची तरी वाळत घातलेली चिंध्यांची वाकळ होती, तिला हात न लावता वळसा घालून गेला.

"मारलं असतं तर बरं झालं असतं," चांगुणा म्हणाली. ती त्या दिवशी पाण्याला एकटी गेली नाही.

*

सोमवारी सकाळी नऊलाच बौद्धवाड्यातल्या बाया कामावरून परत आल्या. सतरा जणी. पाट्या, कुदळी डोक्यावर, कपाळाला घाम नाही. मुकादमानं हजेरी वाचली, गावातली सगळी नावं घेतली, आणि वही मिटली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, काम कमी झालंय. खड्डा निम्मा सुद्धा खणून झाला नव्हता. पोरांना मिळणाऱ्या भरड पिठाच्या सुकडीचं वाटप कामावरच व्हायचं, तेही गेलं. पोरं दहा वाजल्यापासून सुकडीच्या वाटेकडं डोळे लावून बसली आणि दुपारी रडून झोपली.

ऊन कलल्यावर बाया ज्ञानदेवच्या दारात आल्या. कुणी बसलं नाही. तुळजाबाई पुढं होती. गुडघ्याला चिंधी बांधलेली, नवरा मुंबईला गेलेला, त्याचं पत्र नाही.

"तुझ्या एका कानापायी सतरा चुली इझल्या, ज्ञानदेवा."

ज्ञानदेव उठून उभा राहिला.

"तुला रेल्वे हाय. आज न्हाई उद्या काम दील. आमाला काय हाय? त्यो मुकादम."

"मी मामलेदाराला अर्ज लिवतो," ज्ञानदेव म्हणाला. "दुष्काळी काम मागंल त्याला द्यावं, असा सरकारचा हुकूम हाय. नाव गाळाय येत न्हाई."

"लिव. तू लिवलंस की कुनाचा तरी कान जातो, कुनाची तरी भाकर जाती. आता कुनाचा डोळा घालवतोस?"

दोघीतिघी हसल्या. वाईट हसणं होतं. चांगुणा उंबऱ्यात उभी होती, तिनं ते ऐकून घेतलं.

"काय लिवनार हाईस, त्ये आधी वाचून दाव," तुळजाबाई म्हणाली.

त्यानं पेटी ओढली, कागद घेतला. आजवर त्यानं असा कागद कधी लिहिला नव्हता. एक ओळ लिहायची, वाचून दाखवायची. फुटबॉलचं आलं, तुळजाबाई म्हणाली, "काढ." थप्पड आली. "काढ. त्यानं मामलेदाराला काय करायचंय?" आप्पांचं नाव आलं, तिथं चांगुणा म्हणाली, "मुकादम लिवा. मुकादमाला कुनी शिकवलं, त्ये मामलेदाराला कळंल, कळायचं आसंल तर." त्यानं आप्पांचं नाव खोडलं. लाज वाटली. तरी खोडलं.

"तुझा गुडघा लिवू?" त्यानं तुळजाबाईला विचारलं. "अपंगाला हलकं काम देत्यात."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "गुडघा लिवला तर म्हनतील, हिला कामच जमत न्हाई. घरी बसवा."

ज्ञानदेवनं मान हलवली. गुडघा लिहिला नाही. कागदावर फक्त सतरा बाया, चौदा मे ही तारीख, आणि हजेरीत नावं न घेतल्याची वेळ राहिली. सकाळी साडेसात.

शाई संपत आली होती. सोजरबाईनं तवा उलटा करून आणला. एकेक बाई पुढं आली, तव्याच्या काजळीवर अंगठा घासला आणि आपल्या नावापुढं टेकवला. पहिली चांगुणा. मग तुळजाबाई, तिनं इतका दाबला की कागद पेटीला चिकटला. मग बाकीच्या. दिवस बाभळीआड गेला होता.

सोळा अंगठे झाले. ज्ञानदेवनं सतरावं नाव वाचलं. "धुरपदा."

कुणी पुढं आलं नाही. धुरपदा सकाळी आप्पांच्या गोठ्यातलं शेण काढून मग कामावर जायची. मघाशी ती सगळ्यांच्या मागं उभी होती. कागदात काय काय आहे ते तिनं ऐकलं होतं, काय काय काढलं तेही. आता मागं कुणी नव्हतं. बायांनी एकमेकींकडं बघितलं नाही, सगळ्या आप्पांच्या मळ्याच्या वाटेकडं बघत होत्या. वाटेवरचा फुफाटा अजून पुरता खाली बसला नव्हता.

ज्ञानदेवनं धुरपदाच्या नावापुढची जागा तशीच कोरी ठेवली, काजळी वाळायची वाट बघितली, आणि कागदाची घडी घातली. "दौंडला आत्ताच निघतो," तो म्हणाला.

"एकलं न्हाई," तुळजाबाई म्हणाली, आणि गुडघ्याची चिंधी सोडून पुन्हा घट्ट बांधायला खाली बसली.